इमारत दान मिळते, रात्रपाळी मिळत नाही

पत्र

आमचं साठ खाटांचं रुग्णालय लोकांनी वर्गणी काढून उभं केलं. मी विश्वस्त मंडळाची सचिव आहे. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, वैद्यकातलं मला काही कळत नाही. एका देणगीदारांनी आमच्याच मोकळ्या जागेवर पाच मजली नवी इमारत बांधून द्यायची तयारी दाखवली आहे. त्यांच्या दोन अटी आहेत: इमारतीला त्यांच्या आईचं नाव आणि दोन वर्षांत उद्घाटन. आमचे अध्यक्ष, ज्यांना मी लहानपणापासून डॉक्टरकाका म्हणत आले, हरखून गेले आहेत. बैठकीत मेट्रनबाई एवढंच म्हणाल्या, "खाटा वाढवताय, पण त्यांच्यापाशी उभं कोण राहणार?" त्यावर कुणीच काही बोललं नाही, विषय पुढे सरकला. खाटा भरलेल्या असतात, रोज पेशंट परत पाठवावे लागतात, हेही खोटं नाही. चांगल्या कामात मी खोडा घालते असं कुणाला वाटायला नको. पुढच्या बैठकीत ठराव येईल. मी विरोधी मत नोंदवू का?

उत्तर

प्रिय सचिवबाई,

मेट्रनबाईंना बैठकीत उत्तर मिळाले नाही, म्हणून आधी त्यांच्याच प्रश्नाकडे वळते. वैद्यकातले कळत नाही म्हणता, पण हा प्रश्न वैद्यकाचा नाही, हिशेबाचा आहे.

वॉर्डातली एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. साप्ताहिक सुटी धरून एक सिस्टर सहा पाळ्या करते. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसे झाली. त्यात रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण आणि मध्येच नोकरी सोडून जाणे मिळवा, आकडा साडेचारच्या घरात जातो. आता तीस खाटांचा एक साधा वॉर्ड घ्या आणि सहा रुग्णांमागे एक सिस्टर धरा. पाळीला ५, एकूण २२ ते २३. हे एका वॉर्डाचे झाले, तेही फक्त सिस्टरांचे. आयाबाई, वॉर्डबॉय, सफाई कामगार, लॅबचा तंत्रज्ञ, फार्मसी, रात्रीचा निवासी डॉक्टर, लिफ्टची आणि जनरेटरची देखभाल करणारा माणूस हे अजून यायचेच आहेत. अतिदक्षता विभाग काढायचा तर तिथे एका किंवा फार तर दोन रुग्णांमागे एक सिस्टर लागते. तेव्हा पाच मजल्यांचे गणित तुम्हीच मांडून पाहा. मेट्रनबाईंनी ते मनातल्या मनात केव्हाच मांडले आहे.

देणगीदार इमारत देतात याचे एक साधे कारण आहे, इमारतीवर पाटी लावता येते. रात्री तीनला सलाइन बदलणाऱ्या सिस्टरच्या पगारावर पाटी कुठे लावणार? यात त्यांची चूक काही नाही. पण बांधकाम हा एकदाच होणारा खर्च, आणि रुग्णालयाच्या बाबतीत तो मोठा वाटला तरी लहानच असतो. पगार, वीज, ऑक्सिजन, उपकरणांचे देखभाल करार, जंतुनाशके, कपडे धुणे हे सगळे मिळून थोड्याच वर्षांत बांधकामाच्या खर्चाला गाठते, आणि मग पुढेच जात राहते. म्हणून देणगीदारांच्या पत्राशेजारी दुसरा एक कागद ठेवा: नवी इमारत सुरू झाल्यावर पहिल्या पाच वर्षांचा वर्षावार जमाखर्च. पहिल्या दोन वर्षांत खाटा पूर्ण भरणार नाहीत, पण पगार पूर्ण द्यावे लागतील, हे त्यात दिसू द्या. नफ्यातले रुग्णालय अशा दोन वर्षांत अडचणीत येते. तुमचे तर वर्गणीवर उभे आहे.

आता दुसरी बाजू. खाटा भरलेल्या असतात, पेशंट परत जातात, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. तेव्हा गरज आहेच. ती नेमकी कशाची, हे मात्र अजून कुणी पाहिलेले दिसत नाही.

एखाद्या दिवशी वॉर्डात जाऊन नुसते बसा आणि घरी जाणाऱ्या एका पेशंटवर लक्ष ठेवा. सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर "आज सोडू या" म्हणतात. फाइल सिस्टरच्या टेबलावर येते आणि तिथेच पडते. डिस्चार्ज समरी निवासी डॉक्टर ओपीडी आटोपल्यावर लिहिणार, म्हणजे दीड वाजला. सही होईपर्यंत अडीच. उरलेली औषधे फार्मसीत परत जाणार, तिथला हिशेब आला की बिल, विमा असला की त्याची मंजुरी. पेशंट केव्हाचा कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसलेला आहे. मुलगा तिसऱ्यांदा बिलिंगच्या खिडकीपाशी जाऊन आला आहे. खाट रिकामी होते पाचला, पुसून, चादर बदलून तयार होते सहाला. तेवढ्या वेळात कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, दोघांना "बेड नाही" सांगून झालेले असते. त्या दोघांची नोंदही कुठे होत नाही.

याचे गणितही सोपे आहे. रोज सरासरी १० पेशंट दाखल होत असतील आणि सरासरी मुक्काम साडेपाच दिवसांचा असेल, तर कुठल्याही क्षणी ५५ खाटा अडकलेल्या असतात. मुक्काम साडेचार दिवसांवर आला तर ४५. एक वीट न लावता दहा खाटा सुटल्या. मात्र बरा न झालेला पेशंट घाईने घरी पाठवून हा आकडा खाली आणायचा नसतो. वाट पाहण्यात वाया गेलेले तास आणि दिवस तेवढे काढायचे असतात. सोनोग्राफीवाले डॉक्टर आठवड्यातून तीनदाच येतात म्हणून पडून राहिलेला पेशंट, ऑपरेशनच्या यादीत नंबर लागत नाही म्हणून दोन दिवस आधीच खाट धरून बसलेला पेशंट, शनिवारी बरा झाला पण सोडायला सोमवार उजाडला असा पेशंट. हे लोक आजारपणामुळे नाही, आपल्या वेळापत्रकामुळे खाटेवर आहेत.

यावर कुणी म्हणेल, मग खाटा शंभर टक्के भरलेल्या ठेवायच्या म्हणजे झाले. तसेही नाही. १९९९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका अभ्यासात संगणकावर रुग्णालयाची प्रतिकृती चालवून पाहिली होती. सरासरी ८५ टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या राहू लागल्या की तातडीच्या पेशंटला खाट न मिळण्याचा धोका जाणवू लागतो आणि ९० च्या पुढे तर खाटांची टंचाई नेहमीचीच होते, असे त्यातून दिसले. लहान रुग्णालयात चढउतार जास्त, म्हणून तिथे हा उंबरठा आणखी खालीच धरावा. तुमचा सरासरी आकडा मुक्कामातले वाया जाणारे दिवस काढूनही ८५ च्या वर राहत असेल, तर खाटा खरोखरच कमी आहेत. उलट, नव्या खाटा भरल्या म्हणजे त्यांची गरज सिद्ध झाली असेही समजू नका. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक मिल्टन रोमर यांनी १९६० च्या आसपास अमेरिकेतल्या रुग्णालयांकडे पाहून हेच दाखवले होते की खाट बांधली की ती भरते, विशेषतः बिल दुसरे कुणी भरणार असेल तेव्हा.

तेव्हा तुमचे पहिले काम म्हणजे कॅज्युअल्टीत एक साधी वही ठेवा. परत पाठवलेल्या प्रत्येक पेशंटची तारीख, वेळ, त्याला काय हवे होते आणि का देता आले नाही, एवढेच. नावगाव नको. "बेड नाही" या दोन शब्दांवर समाधान मानू नका. साधी खाट नव्हती, की अतिदक्षतेतली? ऑपरेशन थिएटर मोकळे नव्हते, की भूलतज्ज्ञ? रात्री रक्त मिळाले नाही, की सीटी स्कॅनसाठी दुसरीकडे पाठवावे लागले? तीन महिन्यांची वही डॉक्टरकाकांपुढे ठेवलीत तर वाद बराचसा मिटेल. अडचण थिएटरची निघाली, तर पाच मजले खाटांनी भरून थिएटरपुढची रांगच तेवढी लांबवाल. भूलतज्ज्ञाची निघाली, तर इमारतीचा आणि तिचा संबंधच नाही.

माझा अंदाज सांगू? वही दाखवेल की काहीतरी बांधायला हवे. जुन्या रुग्णालयांत थिएटर, अतिदक्षता विभाग, कॅज्युअल्टी आणि निर्जंतुकीकरणाची जागा बहुतेक वेळा अपुरीच असते, आणि ती जुन्या भिंतींत धड वाढवताही येत नाही. म्हणून देणगी नाकारू नका. पण आर्किटेक्टने काढलेले पाच मजल्यांचे रंगीत चित्रही मान्य करू नका.

चित्रात न दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा. जुन्या इमारतीत मजल्याची उंची सव्वातीन मीटर असेल असे धरू. आज थिएटर बांधायचे तर त्याच्या छतावर हवेचे मोठे डक्ट, ऑक्सिजनच्या नळ्या, वायरिंग, आगीसाठीचे पाण्याचे फवारे हे सगळे बसवावे लागते. थिएटरमधली हवा तासाला किमान २० वेळा बदलावी लागते, ती उगाच बदलत नाही. त्यासाठी मजला साडेचार मीटर उंच हवा. तळमजले जुळतील. पण दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दोन इमारतींत अडीच मीटरचा फरक पडतो. एकास बाराचा उतार धरला तर तो फरक भरून काढायला ३० मीटर लांब रॅम्प लागेल, वळणे आणि मधले सपाट थांबे वेगळे. ऑपरेशन झालेल्या पेशंटची ट्रॉली दिवसातून कितीदा त्यावरून ढकलायची? म्हणून ज्या विभागांची एकमेकांकडे सतत ये-जा असते ते सगळे एकाच बाजूला, एकाच इमारतीत हवेत. कॅज्युअल्टीजवळ एक्स-रे आणि सीटी, थिएटरजवळ अतिदक्षता विभाग आणि निर्जंतुकीकरण. ओपीडी, कार्यालय, नोंदी जुन्या इमारतीत राहिल्या तरी चालते. रिकाम्या झालेल्या जुन्या खोल्यांत काय जाणार, हेही आजच लिहून काढा. नाहीतर तिथे मोडक्या खाटा आणि जुन्या फाइली मुक्काम ठोकतात.

नकाशा पक्का करण्यापूर्वी एक दिवस मोकळ्या जागेवर खडूने खऱ्या मापाची खोली आखा, तिचा दरवाजा आखा, बाहेरचा बोळ आखा. खरी खाट आणा, तीवर कुणाला तरी झोपवा, सलाइनचा स्टँड आणि ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन दोघांनी ती बोळात वळवून पाहा. समोरून दुसरी ट्रॉली आणा. दोन मीटर चाळीस सेंटिमीटर रुंदीचा बोळ कागदावर चैनीचा वाटतो, खडूच्या रेघांत तो जेमतेम पुरतो. हे मेट्रनबाईंना आणि वॉर्डबॉयना करू द्या, आर्किटेक्टला बाजूला उभे राहून पाहू द्या. खडूची रेघ हाताने पुसता येते.

तळघराबद्दल दोनच गोष्टी सांगते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरले, पर्यायी वीज बंद पडली आणि तीनशेहून अधिक रुग्णांना अंधाऱ्या जिन्यांवरून खाली आणावे लागले. त्यात नवजात बालकेही होती. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्यातल्या एका रुग्णालयाच्या तळघरात साठवलेल्या सामानाला आग लागली, धूर वर चढला आणि ९० च्या आसपास माणसे गेली. तेव्हा जनरेटर, त्याचे इंधनाचे पंप आणि विजेचे मुख्य पॅनेल तळघरात नकोत, आणि तळघर हे कोठार नव्हे. शिवाय प्रत्येक मजला धूर अडवणाऱ्या दरवाजांनी दोन भागांत विभागलेला हवा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पाच जिने उतरवता येत नाहीत, त्याला त्याच मजल्यावर पलीकडच्या भागात सरकवता आले पाहिजे.

दर्शनी भागाला काच लावायचा आग्रह बहुधा होईलच. काच लावण्याऐवजी तो पैसा खाटेवर पडल्या पडल्या बाहेरचे दिसेल अशा खिडक्यांवर घाला. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांची तुलना होती. अर्ध्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, अर्ध्यांना विटांची भिंत. झाडेवाल्यांचा मुक्काम सरासरी पाऊण दिवसाने कमी भरला आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहानच होता. पण खिडकी तर बसवायचीच आहे, मग ती योग्य जागी बसवायला काय जाते?

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ती. तुमचे बांधकाम मोकळ्या माळावर होणार नाही. भिंतीपलीकडे आजारी माणसे असणार, आणि पूर्ण दोन वर्षे. पाडकामाच्या आणि खोदाईच्या धुळीत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. तुम्हीआम्ही ते रोज श्वासातून घेतो, काही होत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात तीच बुरशी जीव घेऊ शकते. म्हणून कामाची बाजू जमिनीपासून छतापर्यंत पक्क्या पडद्याने बंद हवी, तिथली हवा यंत्राने बाहेर खेचलेली हवी म्हणजे ती वॉर्डाकडे येणार नाही, राडारोड्याची आणि कामगारांची वाट वेगळी हवी, आणि अशक्त पेशंट त्या बाजूच्या खोल्यांतून आधीच हलवलेले हवेत. हे सगळे कंत्राटात लिहून घ्या, नंतर तोंडी सांगून होत नाही. संसर्ग नियंत्रण पाहणाऱ्या सिस्टरला काम जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार असेल, हेही त्याच कंत्राटात येऊ द्या. तिने एकदा काम थांबवले की दुसऱ्यांदा थांबवायची वेळ सहसा येत नाही.

ऑक्सिजनची नवी नळी जुनीला जोडताना पुरवठा बंद करावा लागतो. तो किती वाजता, किती वेळ, आणि तोवर कुठल्या खाटेशेजारी कोण सिलिंडर घेऊन उभे, हे कागदावर हवे. जोडणी झाल्यावर प्रत्येक खाटेच्या भिंतीवरल्या तोटीतून नेमका कुठला वायू येतो हे मोजून तपासल्याशिवाय ती वापरायची नाही, कारण नळ्यांची अदलाबदल होऊन माणसे दगावलेली आहेत. तसेच महिनोन्महिने नळांत साचून राहिलेल्या पाण्यात न्यूमोनिया घडवणारे लीजिओनेला जिवाणू वाढतात. उद्घाटनाच्या तारखेची घाई नेमकी इथे नडते. फीत कापायची तारीख ठरलेली असते, आणि मग तोट्या तपासणे, पाणी सोडून नळ धुणे, अलार्म वाजवून पाहणे, रंगीत तालमी घेणे हेच सगळे गाळले जाते. देणगीदारांना सांगा, उद्घाटन दोन वर्षांत करू, पहिला पेशंट मात्र त्यानंतर दोन महिन्यांनी घेऊ. त्यांची अट मोडत नाही.

देणगीदारांकडे मी संशयाने पाहत नाही. आईचे नाव राहावे असे वाटणाऱ्या माणसाला ते बंद पडलेल्या लिफ्टच्या, रिकाम्या मजल्यांच्या इमारतीवर नको असणार. त्यांच्यापुढे दुसरा प्रस्ताव ठेवा. पाया पाच मजल्यांचा घाला, बांधा तीनच. दोन मजले सुसज्ज, तिसरा नुसता सांगाडा, खिडक्या-दारे लावून बंद ठेवलेला. पुढे गरज पडली की तो आतून सजवता येतो. चौथा-पाचवा चढवायची वेळ आली तर खालच्या पेशंटच्या डोक्यावर हातोडे पडणार आहेत, हे मी लपवत नाही. म्हणूनच तिसऱ्याचा सांगाडा आत्ताच उभारून घ्या म्हणते. वाचलेल्या पैशाचा कायम निधी करा, त्याच्या व्याजातून सिस्टरांचे पगार निघतील. त्या निधीलाही त्यांच्या आईचेच नाव द्या. करारात एक कलम मात्र सोडू नका: पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील, तर पुढचा टप्पा सुरू होण्यापूर्वी त्याची रक्कम रुग्णालयाच्या खात्यात आलेली असली पाहिजे. अर्धवट सळ्या वर आलेली इमारत तुम्ही कुठे ना कुठे पाहिलीच असेल.

डॉक्टरकाकांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी एक रुग्णालय शून्यातून उभे राहिलेले पाहिले आहे, आणि तेव्हा असे हिशेब मांडत बसले असते तर ते उभेच राहिले नसते, असे ते तुम्हाला सांगतील. त्यांचे बरोबरच आहे. वाद घालू नका. बैठकीच्या आधी एकदा घरी जाऊन भेटा आणि वही त्यांच्याच नावाने सुरू करायची परवानगी मागा. "काका, परत गेलेला एकेक पेशंट मला मोजायचा आहे" या वाक्याला ते नाही म्हणणार नाहीत. चारचौघांत त्यांना आकडे दाखवून गप्प करण्याचा मोह मात्र टाळा, हिशेबनिसांना तो फार होतो.

विरोधी मत आत्ता नोंदवू नका. त्याने फक्त इतिवृत्तात तुमचे नाव राहील. त्याऐवजी ठरावाचा मसुदा स्वतः लिहून न्या: मंडळ देणगीचा कृतज्ञतापूर्वक स्वीकार करण्यास तत्त्वतः मान्यता देत आहे, मजल्यांची संख्या व विभाग तीन महिन्यांच्या नोंदी आणि पाच वर्षांचा जमाखर्च पाहून ठरवले जातील, आराखडा समितीत मेट्रन, भूलतज्ज्ञ, देखभाल विभागाचे प्रमुख आणि देणगीदारांचे प्रतिनिधी असतील. एवढे मांडूनही पाच मजल्यांचाच ठराव रेटला गेला, तर मात्र खुशाल विरोध नोंदवा, आणि कारणासह नोंदवा.

आणि बैठक पाळी बदलायच्या वेळेला ठेवू नका. मेट्रनबाई तेव्हा वॉर्ड सोडून येणार नाहीत, आल्या तर लक्ष तिकडे राहील. दुपारी तीन-साडेतीन बरे.